संमती, श्रेय आणि सूर : पॉल सायमन यांच्या 'ग्रेसलँड' या अल्बमची समीक्षा

प्रस्तावना

कलाकृतीचे मूल्यमापन करताना तिच्या निर्मितीच्या परिस्थितीचा विचार करावा किंवा नाही, हा साहित्यसमीक्षेला परिचित असलेला प्रश्न आहे. लोकप्रिय संगीताच्या बाबतीत तो फारसा विचारला जात नाही. लोकप्रिय गीत ऐकावे, आवडले तर गुणगुणावे आणि विसरून जावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. मात्र काही ध्वनिमुद्रिका अशा असतात की त्यांच्या संदर्भात हा प्रश्न टाळताच येत नाही. अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमन यांचा ऑगस्ट १९८६ मध्ये प्रकाशित झालेला 'ग्रेसलँड' हा अल्बम त्यांपैकी एक होय.

या अल्बमला एकाच वेळी कमालीची लोकप्रियता आणि तीव्र निषेध लाभला. फेब्रुवारी १९८७ मध्ये त्यास वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलबाहेर त्याच्या विरोधात निदर्शने झाली. पुरस्कार देणाऱ्यांनी संगीताकडे पाहिले, तर निदर्शकांनी दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासाकडे पाहिले. दोन्ही बाजूंनी दुसऱ्या बाजूचा प्रश्न गौण मानला. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, या वादातील संमतीचा प्रश्न आणि श्रेयाचा प्रश्न हे दोन भिन्न प्रश्न आहेत. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते, तर दुसऱ्याचे उत्तर अल्बममध्येच, एकेका गीतात आणि त्याच्या वेष्टनावरील नावांत सापडते.

अल्बमची पार्श्वभूमी

आर्ट गारफंकेल यांच्यासमवेतची जोडी १९७० मध्ये फुटल्यानंतर सायमन यांनी स्वतंत्रपणे गाण्यास प्रारंभ केला. सत्तरच्या दशकात त्यांना भरघोस यश मिळाले. परंतु १९८३ मधील 'हार्ट्स अँड बोन्स' हा अल्बम विक्रीच्या दृष्टीने अपयशी ठरला. याच सुमारास त्यांचा विवाहही मोडला. १९८४ मध्ये त्यांच्या हाती एक कॅसेट आली. तीत दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये लोकप्रिय असलेले, अकॉर्डियनवर आधारलेले नृत्यसंगीत होते. ते संगीत सायमन यांच्या मनात घर करून बसले. चौकशीअंती ते बोयोयो बॉइज या गटाचे असल्याचे समजले आणि जोहान्सबर्ग येथील निर्माते हिल्टन रोझेन्थल यांच्या साहाय्याने तेथील वादकांशी संपर्क साधण्यात आला.

फेब्रुवारी १९८५ मध्ये सायमन आणि त्यांचे ध्वनिमुद्रक रॉय हॅली जोहान्सबर्गला गेले. तेथील स्टुडिओत सुमारे दोन आठवडे त्यांनी विविध गटांसमवेत ध्वनिमुद्रण केले. वादकांना न्यूयॉर्कमधील दराच्या तिप्पट मोबदला देण्यात आला. पुढील काम न्यूयॉर्क, लंडन, लॉस एंजेलिस आदी ठिकाणी पूर्ण झाले. अल्बम प्रकाशित होण्याच्या दोन महिने आधी, जून १९८६ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने देशभर आणीबाणी जाहीर केली होती. श्रोत्यांनी हे संगीत प्रथम ऐकले ते अशा काळात, ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

संमतीचा प्रश्न

डिसेंबर १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी सांस्कृतिक, शैक्षणिक आणि क्रीडाविषयक संबंध तोडण्याचे आवाहन करणारा ठराव केला होता. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचाही या बहिष्काराला पाठिंबा होता. सायमन यांनी या बहिष्काराचा भंग केला, हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप. ज्येष्ठ गायक हॅरी बेलाफॉन्टे यांनी, प्रथम आफ्रिकन नॅशनल काँग्रेसशी बोलून घ्यावे, असा सल्ला त्यांना दिला होता. सायमन यांनी तो पाळला नाही.

सायमन यांच्या बाजूने तीन मुद्दे मांडले गेले. त्यांनी दक्षिण आफ्रिकेत एकही जाहीर कार्यक्रम केला नाही, उलट सन सिटी येथे गाण्याचे प्रस्ताव नाकारले होते. दुसरे म्हणजे, कृष्णवर्णीय वादकांच्या संघटनेने त्यांच्या येण्यास अनुकूलता दर्शविली होती. तिसरे म्हणजे, कलावंताने राजकीय पक्षाची परवानगी का मागावी, असा प्रश्न ते स्वतः सातत्याने विचारीत राहिले.

यांपैकी तिसरा मुद्दा भारतीय वाचकाला सहज पटण्यासारखा नाही. दक्षिण आफ्रिकेशी व्यापारी संबंध तोडण्याचे पाऊल भारताने १९४६ मध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या उपरोक्त ठरावाच्या कितीतरी आधी उचलले होते. १९७४ मध्ये भारताचा संघ डेव्हिस चषक टेनिस स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका होता. भारताने सामना खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेकडे गेला. विजय आणि आनंद अमृतराज यांच्यासारख्या खेळाडूंच्या हातून आयुष्यातील एक मोठी संधी गेली. त्या खेळाडूंचा वर्णभेदाला पाठिंबा होता असे कोणीही म्हणणार नाही. तरीही त्यांना किंमत मोजावी लागली, कारण बहिष्कार हे सामूहिक शिस्तीचे शस्त्र आहे. 'माझा हेतू शुद्ध आहे, म्हणून माझ्यापुरता अपवाद करा' असे प्रत्येकाने म्हटले तर ते शस्त्र बोथट होते. त्यामुळे सायमन यांच्या हेतूबद्दल शंका न घेताही, त्यांनी विचारणा करावयास हवी होती, असेच म्हणावे लागते.

मात्र या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि तीही तितकीच खरी आहे. ज्यांच्या मुक्तीसाठी बहिष्कार पुकारला गेला, त्यांतील वादकांनाच त्यामुळे बाहेरच्या जगाची दारे बंद झाली होती. त्यांचे संगीत सरकारी नभोवाणीच्या वेगवेगळ्या भाषिक केंद्रांत विभागले गेले होते, कारण जमातींना एकमेकींपासून अलग ठेवणे हे सरकारी धोरणच होते. रे फिरी, बाकिथी कुमालो, आयझॅक म्त्शाली यांसारख्या कुशल वादकांना सायमन यांच्या येण्यात शोषण दिसले नाही, संधी दिसली. १९८७ च्या दौऱ्यात ह्यू मासेकेला आणि मिरियम मकेबा हे दीर्घकाळ निर्वासित जीवन जगलेले दोन ख्यातनाम कलावंत सामील झाले. वर्णभेदाविरुद्धची त्यांची निष्ठा संशयातीत होती. याचा अर्थ असा की, पीडित समाज एकाच आवाजात बोलत नव्हता. निषेध करणाऱ्यांनी हे पुरेसे ध्यानात घेतले नाही.

संगीतरचनेची प्रक्रिया

'ग्रेसलँड'चे वेगळेपण त्याच्या रचनाप्रक्रियेत आहे. पूर्वी सायमन आधी गीत रचीत आणि मग त्याला साथ बसवीत. येथे हा क्रम उलटा झाला. आधी वादकांनी दीर्घकाळ वाजविलेले ठेके आणि स्वरावली ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. न्यूयॉर्कला परतल्यावर सायमन आणि हॅली यांनी त्यांतील तुकडे निवडले, कापले, जोडले आणि सायमन यांनी त्यांवर शब्द व गायनाची चाल बसविली. आपल्याकडील चित्रपटसंगीतात चालीवर शब्द लिहिण्याची रीत सर्वपरिचित असल्याने मराठी श्रोत्याला ही पद्धत अपरिचित वाटणार नाही. या साम्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

या पद्धतीतून जे साधले, त्याचा उत्तम नमुना म्हणजे शीर्षकगीत. ग्रेसलँड हे मेम्फिस येथील एल्व्हिस प्रेस्ले यांचे निवासस्थान. गीतातील निवेदक आपल्या लहान मुलासह तेथे निघाला आहे आणि तुटलेल्या नात्याचे दुःख त्याच्या बोलण्यात डोकावते. विषय संपूर्णतः अमेरिकन आहे. पण त्याखालची लय जोहान्सबर्गमधील वादकांची आहे. सायमन यांनी सांगितलेली एक हकिगत येथे उद्बोधक ठरते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी रे फिरी यांनी गिटारवर अचानक एक मायनर स्वरसंघात वाजविला. तसा स्वरसंघात त्यांच्याकडील संगीतात सहसा येत नसे. सायमन यांच्या गीतांत असे स्वर येतात, म्हणून आपण ते योजले, असे त्यांनी सांगितले. म्हणजे सायमन आफ्रिकेचे संगीत ऐकत असताना फिरीही सायमन यांचे संगीत ऐकत होते. 'आफ्रिकेचे संगीत उचलले' या एका वाक्यात ही दुहेरी देवघेव मावत नाही.

'यू कॅन कॉल मी अल' या गीतातील बास गिटारचा छोटासा एकल तुकडाही असाच. कुमालो यांनी वाजविलेली स्वरावली हॅली यांनी उलटी फिरवून तिलाच जोडली. त्यामुळे मानवी बोटांना जवळजवळ अशक्य वाटणारी, आरशातील प्रतिबिंबासारखी आकृती तयार झाली. तीत वादकाचे कौशल्य आहे आणि तंत्रज्ञाची कल्पकताही आहे.

शब्द आणि सूर यांतील अंतर

या अल्बमवर आणखी एक आक्षेप असा की, त्यात वर्णभेदाचा उल्लेखच नाही. हा आक्षेप सरसकट मान्य करणे कठीण आहे. 'द बॉय इन द बबल' या पहिल्याच गीतात लेसोथोच्या अकॉर्डियनच्या जडशीळ सुरावटीवर बालकाच्या गाडीत दडविलेला बॉम्ब, दूरवरून येणारे आवाज आणि विज्ञानाचे चमत्कार एकत्र येतात. येथे स्थळाचे नाव नाही, पण सुरांमुळे स्थळ ओळखू येते. 'होमलेस' हे गीत लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो या पुरुषांच्या गायकवृंदाने वाद्यांच्या साथीविना झुलू आणि इंग्रजी भाषांत गायिले आहे. इसिकाथामिया नावाची ही गायनशैली खाणी व कारखान्यांत कामाला आलेल्या स्थलांतरित मजुरांच्या वसतिगृहांत वाढली. ज्या देशात लाखो लोकांना वंशाच्या आधारे घरांतून उठविण्यात आले, त्या देशातील गायकांनी बेघरपणाचे गीत गावे, यात घोषणा नसली तरी अर्थ निश्चित आहे.

याउलट 'आय नो व्हॉट आय नो' या गीतात मात्र शब्द आणि सूर एकमेकांपासून फटकून राहतात. जनरल एम. डी. शिरिंडा आणि गाझा सिस्टर्स यांचे त्सोंगा समाजातील चैतन्यपूर्ण संगीत आणि स्त्रियांचे उसळते हुंकार यांवर सायमन यांनी न्यूयॉर्कमधील मेजवानीतील उथळ संभाषण बसविले आहे. विनोद साधतो, पण त्या स्त्रिया काय गात आहेत याचे कुतूहल गीताला नाही. त्यांचा आवाज येथे केवळ पार्श्वभूमी बनतो. 'अंडर आफ्रिकन स्काइज'मध्ये लिंडा रॉनस्टॅट यांचा सहभागही असाच खटकणारा आहे. त्यांनी १९८३ मध्ये सन सिटी येथे कार्यक्रम केला होता. आधीच वादग्रस्त ठरू शकणाऱ्या प्रकल्पात ही निवड किमान असंवेदनशील म्हणावी लागेल.

तथापि अल्बमला आपल्या मर्यादेची जाणीव नाही, असे म्हणता येत नाही. 'यू कॅन कॉल मी अल'च्या अखेरच्या कडव्यात एक परका माणूस अनोळखी देशातील बाजारात उभा आहे. त्याला तेथील भाषा येत नाही आणि त्याच्याजवळ तेथील चलनही नाही. मध्यमवयीन माणसाच्या गमतीदार तक्रारीने सुरू झालेले गीत येथे एकाएकी गंभीर होते. हे कडवे म्हणजे सायमन यांचे सर्वांत प्रामाणिक आत्मचित्र आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हा माणूस पाहुणा आहे आणि आपण पाहुणे आहोत हे त्याला कळते.

श्रेयाचा प्रश्न

अल्बममधील ११ गीतांपैकी ५ गीतांच्या रचनेचे श्रेय सायमन यांनी इतरांसमवेत वाटून घेतले आहे. 'द बॉय इन द बबल'साठी फोरेरे मोत्लोहेलोआ, 'आय नो व्हॉट आय नो'साठी शिरिंडा, 'गमबूट्स'साठी जॉन्सन म्खलाली आणि लुलू मासिलेला, तर 'डायमंड्स ऑन द सोल्स ऑफ हर शूज' आणि 'होमलेस' या दोहोंसाठी जोसेफ शबालाला यांचे नाव आहे. उर्वरित ६ गीतांवर केवळ सायमन यांचे नाव आहे. 'ग्रेसलँड', 'यू कॅन कॉल मी अल', 'अंडर आफ्रिकन स्काइज' आणि 'क्रेझी लव्ह' ही गीते त्यांतच येतात.

या यादीत एक सूत्र दिसते. जेथे एखाद्या गटाची किंवा रचनाकाराची स्वतंत्र, ओळखता येणारी रचना हाती होती, तेथे श्रेय दिले गेले. जेथे स्टुडिओत वादकांच्या उत्स्फूर्त वादनातून गीत आकारास आले, तेथे वादकांना मोबदला आणि वेष्टनावर वादक म्हणून नामोल्लेख मिळाला, पण रचनाकाराचे स्थान मिळाले नाही. कुमालो यांचा तो प्रसिद्ध बासचा तुकडा आणि फिरी यांचा तो अनपेक्षित स्वरसंघात ज्या गीतांत आहेत, ती दोन्ही गीते दुसऱ्या वर्गात मोडतात. रे फिरी यांनी पुढील काळात या बाबतीत उघडपणे नाराजी व्यक्त केली. अल्बममधील अखेरचे गीत ज्यांच्यासमवेत ध्वनिमुद्रित झाले, त्या लॉस लोबोस या अमेरिकन गटाच्या सदस्यांनीही श्रेय नाकारल्याची जाहीर तक्रार केली. सायमन यांनी ती अमान्य केली. म्हणजे हा प्रश्न केवळ गोरा आणि काळा असा नव्हता. नामवंत आणि अनामिक यांच्यातीलही तो प्रश्न होता.

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात 'गीत' म्हणजे शब्द आणि गाण्याची चाल, असा संकेत रूढ आहे. ठेका, साथ, वाद्यांची गुंफण यांना त्यात स्थान नाही. येथे चित्रपटसंगीताशी असलेल्या साम्याचा उपयोग होतो. आपल्याकडे चालीवर शब्द लिहिले जातात तेव्हा ध्वनिमुद्रिकेवर गीतकार आणि संगीतकार अशी दोन नावे छापली जातात. शब्द नंतर लिहिणारा गीतकार चालीवर मालकी सांगत नाही. अर्थात आपल्या व्यवस्थेतही वाद्यवृंदातील कलावंत बहुधा अनामिकच राहिले आहेत, तेव्हा आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नाही. परंतु या तुलनेतून एक गोष्ट स्पष्ट होते की, सायमन यांनी लबाडी केली असे म्हणण्यापेक्षा, ते आपल्या व्यवसायातील संकेत ज्या संगीतात घेऊन गेले, तेथे तो संकेतच अपुरा होता, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. ज्या संगीतात परस्परांत गुंतलेली वाद्ये हीच रचना असते, तेथे 'साथ' कोणती आणि 'गीत' कोणते, हे ठरविण्याचा अधिकार एका बाजूकडेच राहिला.

स्वीकाराचा आलेख

विक्रीच्या दृष्टीने अल्बम ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर, तर अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. १९८८ मध्ये शीर्षकगीतासही ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सायमन यांनी निर्मिती केलेल्या 'शाका झुलू' या अल्बमसाठी लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो यांनाही ग्रॅमी मिळाला. या गायकवृंदाची जागतिक कीर्ती हे 'ग्रेसलँड'चे निर्विवाद फलित होय.

विरोधाचे स्वरूपही दुर्लक्षणीय नव्हते. जानेवारी १९८७ मध्ये वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी सायमन यांना समोरासमोर जाब विचारला. लंडनमध्ये जेरी डॅमर्स, बिली ब्रॅग, पॉल वेलर यांसारख्या संगीतकारांनी त्यांच्याकडे माफीची मागणी केली. अभ्यासकांनी त्यानंतर या वादाला अधिक सूक्ष्म रूप दिले. संगीत-मानवशास्त्रज्ञ स्टीव्हन फेल्ड यांनी सहकार्याच्या भाषेआड लपलेल्या मालकीच्या असमतोलाकडे लक्ष वेधले. लुईझ माइंट्येस यांनी १९९० मधील आपल्या लेखात, दक्षिण आफ्रिकेतील निरनिराळ्या समाजगटांनी या अल्बममधील सहकार्याचा निरनिराळा अर्थ कसा लावला, हे दाखवून दिले. एकच ध्वनिमुद्रिका कोणाला ऐक्याचे चिन्ह वाटली, तर कोणाला शोषणाचे.

नेल्सन मंडेला यांची फेब्रुवारी १९९० मध्ये सुटका झाली. सांस्कृतिक बहिष्कार उठल्यानंतर जानेवारी १९९२ मध्ये सायमन यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या संमतीने जोहान्सबर्ग येथे कार्यक्रम केला. त्याही वेळी काही गटांचा विरोध कायम होता. २०१२ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'अंडर आफ्रिकन स्काइज' या माहितीपटात सायमन आणि ब्रिटनमधील बहिष्कार चळवळीचे नेते डाली टांबो समोरासमोर बसून बोलतात. चर्चेअंती दोघे आलिंगन देतात. पण आपापल्या भूमिकेवर दोघेही बऱ्याच अंशी ठाम राहतात, हे विशेष. रे फिरी २०१७ मध्ये आणि जोसेफ शबालाला २०२० मध्ये निवर्तले.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. संमतीच्या प्रश्नावर सायमन यांची भूमिका समर्थनीय ठरत नाही. अल्बम उत्कृष्ट निघाला म्हणून ती नंतर समर्थनीय झाली, असेही म्हणता येत नाही. पुरस्कार हे बहिष्कारभंगाचे उत्तर नव्हे. त्याचबरोबर, बहिष्कारभंग झाला म्हणून कुमालो यांचा बास, मोत्लोहेलोआ यांचे अकॉर्डियन आणि शबालाला यांचा वृंद यांचे सौंदर्य कमी होत नाही. सायमन यांचा निषेध म्हणून हा अल्बम ऐकणेच नाकारले, तर पहिला आवाज बंद होतो तो या वादकांचा.

श्रेयाच्या प्रश्नावर संपूर्ण अल्बमला एकच निवाडा लागू करणे चुकीचे ठरेल. 'होमलेस'मध्ये सहकार्य जवळजवळ समान पातळीवर आहे, 'आय नो व्हॉट आय नो'मध्ये नाव वाटून घेतले असले तरी कान वाटून घेतलेला नाही, आणि 'ग्रेसलँड'मध्ये कान पूर्णपणे परस्परांकडे आहेत, पण नाव एकाचेच आहे. त्यामुळे या अल्बमचे मूल्यमापन गीतागणिक करावे लागते. लोकप्रिय संगीताच्या समीक्षेने गायकाच्या नावापाशी न थांबता वेष्टनावरील बारीक अक्षरांतील नावेही वाचली पाहिजेत. त्यांतील कोणाचा स्वर आपल्या कानात राहिला आणि कोणाचे नाव राहिले, याची तफावत नोंदविणे हे या समीक्षेचे महत्त्वाचे काम आहे.